नव्या भागाची वाट पाहणारा गट : ‘अनरियल टूर्नामेंट’ आणि कोल्हापुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील सात-आठ मित्रांच्या गटाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत. ज्याचा त्याचा उल्लेख कामावरून केला आहे. गट जमला तो राजारामपुरीतील एका सायबर कॅफेत. डायल-अपचे इंटरनेट संथ आणि महाग होते, त्यामुळे संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की कॅफेचालक आतल्या आत जोडलेल्या संगणकांवर, म्हणजे लॅनवर, मुलांना तासाच्या दराने खेळू देत असे. मुले त्याला अण्णा म्हणत. त्या मुलांपैकी एक जण आज शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतो, दुसरा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिसरा एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन आहे. बाकीचे या हकिकतीत फारसे येत नाहीत.

खेळ होता ‘अनरियल टूर्नामेंट’. एपिक मेगागेम्स आणि डिजिटल एक्स्ट्रीम्स यांनी मे १९९८ मध्ये ‘अनरियल’ हा परग्रहावर कोसळलेल्या कैद्याच्या कथेचा शूटर, म्हणजे गोळीबाराचा खेळ, आणला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच इंजिनवर, म्हणजे खेळ ज्यावर उभा राहतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर, ‘टूर्नामेंट’ आला. त्यात कथा नावापुरती होती : लियांड्री ही खाणकंपनी भविष्यकाळात शस्त्रधाऱ्यांचे सामने भरवते आणि खेळाडू त्यात उतरतो. खरा जीव सामन्यांत होता. शॉक रायफलच्या एका कळीने संथ गोळा सोडायचा, दुसऱ्या कळीच्या किरणाने तोच हवेत फोडायचा आणि कोपऱ्यात दडलेल्याला बाहेर काढायचे, ही युक्ती ज्याच्या हाताला बसली त्याला कॅफेत मान असे. खेळाडू कमी पडले तर बॉट, म्हणजे संगणकच चालवतो असे खेळाडू, उतरवता येत. त्या काळच्या मानाने ते बरेच हुशार होते आणि भारनियमनामुळे निम्मी पोरे घरी गेली तरी सामना चालू राहत असे, अर्थात यूपीएस टिकेल तेवढा वेळ.

पुढे २००२, २००४ आणि २००७ मध्ये मालिकेचे आणखी भाग निघाले. कॅफे २००९ मध्ये बंद झाला. गट मात्र दर दिवाळीला एकत्र जमत राहिला, कारण पुण्यामुंबईला गेलेले त्या आठवड्यात गावी येत आणि अण्णाने चार यंत्रे न विकता ठेवून दिली होती.

समस्या

मे २०१४ मध्ये एपिकने जाहीर केले की नवा ‘अनरियल टूर्नामेंट’ अनरियल इंजिन ४ वर तयार होईल, तो मोफत असेल आणि त्याची घडण खेळाडूंच्या सहभागाने उघडपणे होईल. लोकांनी केलेले मॅप, म्हणजे खेळाची मैदाने, आणि इतर सामग्री विकण्यासाठी बाजारपेठ उभी करण्याचेही ठरले होते. २००७ च्या ‘टूर्नामेंट ३’ नंतर सात वर्षे काही न आलेल्या मालिकेत एवढे मोकळेपण अनपेक्षित होते. लवकरच प्री-अल्फा, म्हणजे खेळाची अगदी सुरुवातीची कच्ची आवृत्ती, खेळायला मिळाला आणि बातमी खरी असल्याची सर्वांची खात्री पटली.

यानंतरच्या साडेचार वर्षांत गटाचे नुकसान झाले. ‘नवा येतोय’ म्हणून जुना खेळ बाजूला पडला. प्री-अल्फाला चांगले ग्राफिक्स कार्ड लागे. अण्णाच्या यंत्रांवर तो चालणे शक्य नव्हते, त्यामुळे दिवाळीच्या बैठकीत खेळण्याऐवजी नव्या खेळाच्या चित्रफिती पाहिल्या जाऊ लागल्या आणि २०१६ नंतर बैठकच थांबली. यंत्रे आणि जुन्या सीड्या शाहूपुरीतील तळमजल्याच्या गोदामात गेल्या.

सप्टेंबर २०१७ मध्ये एपिकचा ‘फोर्टनाइट बॅटल रॉयल’ आला आणि काही महिन्यांत जगभर पसरला. ‘टूर्नामेंट’वर काम करणारी माणसे तिकडे गेली. ऊसतोडीचा हंगाम भरात आला की साखर कारखाना टोळ्या विरळ फडातून काढून भरल्या फडात पाठवतो, तसाच हा हिशेब होता आणि त्यात कपट शोधण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की विरळ फड सोडल्याचे कोणी सांगितले नाही. खेळ उतरवून घेता येत होता, सामने लागत होते. नवे मात्र काही येत नव्हते. खेळाचा सक्रिय विकास थांबल्याचे कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले.

म्हणून प्रश्न केवळ ‘मालिका परत येईल का’ एवढाच नव्हता. ती येण्याची आशा धरून काय सोडून द्यायचे आणि काय हाताशी ठेवायचे, हे गटाने कधी ठरवलेच नव्हते.

पहिला निर्णय : मॅप कोणत्या खेळासाठी करायचा

ड्राफ्ट्समनने कॉलेजात असताना जुन्या ‘टूर्नामेंट’साठी एक मॅप अर्धवट केला होता. त्या खेळात ‘फेसिंग वर्ल्ड्स’ नावाचा प्रसिद्ध मॅप आहे : अवकाशात फिरणाऱ्या खडकावर समोरासमोर दोन मनोरे आणि प्रत्येकात एक झेंडा. त्यावरून त्याला पन्हाळा आणि शेजारचा पावनगड सुचले. दोन गड, मध्ये खिंड, पन्हाळ्याच्या तीन दरवाजावरून घेतलेल्या कमानी, वर परग्रहाचे आकाश. मोकळ्या खिंडीत लांबून नेम धरणाऱ्यांचे फावत असल्यामुळे त्याने पन्हाळ्यावरच्या अंधारबाव या विहिरीच्या धर्तीवर जमिनीखालून एक वाट काढली होती, जी शत्रूच्या झेंड्याच्या मागे निघत असे.

२०१४ मध्ये त्याच्यापुढे दोन रस्ते होते : हा मॅप जुन्या खेळातच पुरा करायचा किंवा नव्यासाठी मुळापासून पुन्हा बांधायचा. दोन्हींची रीतच वेगळी आहे. जुन्या अनरियल एडिटरमध्ये सगळे विश्व भरीव धरलेले असते आणि त्यातून खोल्या, वाटा, आकाश कोरून काढावे लागते. नव्या इंजिनमध्ये रिकाम्या जागेत एकेक वस्तू आणून ठेवावी लागते. त्यामुळे जुने काम जसेच्या तसे नेता येण्यासारखे नव्हते.

त्याने नव्याची निवड केली. त्या वेळची माहिती पाहता हा निर्णय अविचारी म्हणता येत नाही. इंजिन मार्च २०१४ मध्ये महिना १९ डॉलरना मिळत होते आणि मार्च २०१५ पासून मोफत झाले. खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, नोंदणी केलेल्यांना पाहता येत होता. मॅप विकता येईल, निदान कामाच्या नमुन्यांत दाखवता येईल, अशी अपेक्षा होती. ड्राफ्ट्समनला थ्रीडीचे कौशल्य हवेच होते आणि ते त्याला मिळाले. आज तो कचेरीत घरांच्या आतून फिरवून आणणारी दृश्ये त्याच इंजिनमध्ये करतो.

पण खेळाची नवी मोठी आवृत्ती आली की मॅप पुन्हा तिच्यासाठी बांधून घ्यावा लागे आणि दर वेळी काहीतरी बिघडे. शिवाय तो मॅप कंपनीचा खेळ चालू असेपर्यंतच खेळता येणार होता. जुन्या खेळातली अर्धवट फाइल १९९९ च्या सीडीवर, कोणालाही न विचारता उघडत होती. हा फरक २०१४ मध्ये गटात कोणी बोलून दाखवला नाही. मला या संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच वाटतो.

दुसरा निर्णय : शांततेचा अर्थ कसा लावायचा

२०१७ ची दिवाळी ते डिसेंबर २०१८ हा काळ निर्णय न घेण्याचा होता, आणि तोही एक निर्णयच ठरला. जानेवारी २०१८ मध्ये एपिकने ‘पॅरागॉन’ हा आपलाच दुसरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये तो बंद झाला. फौंड्रीवाल्याने तेव्हाच विचारले होते, “भावा, चालता गेम बंद केला त्यांनी, मग अर्धवट असलेला कशाला पुरा करतील?” पुणेकराचे उत्तर असे होते की ज्या मालिकेच्या नावावर कंपनीचे इंजिन चालते ती मालिका कंपनी मरू देणार नाही. हे उत्तर भावनेला पटणारे होते, पण व्यवहार त्याच्या उलट होता. ‘अनरियल’ हे नाव इंजिनमुळे जगभर रोज घेतले जात होतेच. ते जिवंत ठेवण्यासाठी कंपनीला खेळाची गरज उरली नव्हती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले. गोदामातील चारही यंत्रे आणि सीड्यांचा खोका गेला. मॅपची जुनी फाइल वाचली, कारण ड्राफ्ट्समनने ती २०१४ मध्ये संदर्भासाठी स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली होती. हा निव्वळ योगायोग होता, त्यात नियोजन नव्हते.

समोरचे पर्याय

पुरानंतर आणि विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत गटाने पहिल्यांदा पर्याय मांडून चर्चा केली. वाट पाहत राहणे हा पर्याय कोणी उघडपणे धरला नाही, पण सोडलाही नाही. कंपनीला सामूहिक पत्र लिहिण्याचा विचार लवकर मागे पडला, कारण पत्रे जगभरातून जातच होती.

दुसऱ्या मालिकेकडे वळण्यावर बरीच चर्चा झाली. ‘क्वेक चॅम्पियन्स’ २०१८ पासून मोफत होता आणि चाल ओळखीची होती. पण तिथेही सामना कंपनीच्याच सर्व्हरवर लागत असे. ज्या अडचणीतून आपण निघालो तिच्यात पुन्हा पैसे आणि हौस गुंतवण्याला फौंड्रीवाल्याने नकार दिला.

स्वतःच तसा खेळ बनवावा, असे पुणेकराने सुचवले. इंजिन हाताशी होते, पण ‘टूर्नामेंट’ हे नाव, शस्त्रांचे आकार आणि आवाज ही कंपनीची मालमत्ता होती, आणि संसार-नोकरी सांभाळणाऱ्या सात-आठ जणांनी सुट्टीत केलेला शूटर पुरा होण्याची शक्यता अण्णाने एका वाक्यात निकालात काढली : “आधी मॅप पुरा करा रे, मग गेम काढा.”

शेवटचा पर्याय जुनाच खेळ नीट चालवण्याचा होता. त्याला आधार मिळाला तो ‘ओल्डअनरियल’ या हौशी विकासकांच्या गटामुळे. एपिकच्या परवानगीने हा गट मूळ खेळाला नवे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, देतो. ४६९ क्रमांकाच्या मालिकेतील पॅचमुळे आजच्या ग्राफिक्स कार्डांवर चित्र नीट दिसते आणि वेग बदलणाऱ्या प्रोसेसरवर खेळ भलत्याच गतीने धावण्याची जुनी खोडही जाते.

पुनरुज्जीवन अशक्य असते असे गटाने मानले नाही आणि तसे मानणे चूकही ठरले असते. ‘डूम’ २०१६ मध्ये परतला आणि गाजला. ‘सिस्टम शॉक’ची नवी घडण २०२३ मध्ये आली. दुसरीकडे ‘टाइमस्प्लिटर्स’साठी २०२१ मध्ये पुन्हा उभारलेला फ्री रॅडिकल हा स्टुडिओ २०२३ च्या अखेरीस बंद पडला आणि ‘परफेक्ट डार्क’चे पुनरागमन मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये, स्टुडिओसकट, रद्द केले. या उदाहरणांत चाहत्यांची तळमळ सगळीकडे सारखीच होती, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधता येत नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला त्या वर्षी त्या खेळाची गरज आहे का, एवढे पाहावे लागते.

केलेली कृती

गटाने जुना खेळ निवडला. ड्राफ्ट्समनने पन्हाळा-पावनगड मॅप पुन्हा उघडला आणि टाळेबंदीत पुरा केला. नव्या इंजिनमध्ये केलेले तपशील जुन्यात नेता येत नव्हते, पण तिथे शिकलेली मापे उपयोगी पडली : कमान किती रुंद ठेवली की दोघे एकदम जाऊ शकतात, भुयार किती वळवले की लांबून नेम लागत नाही.

सर्व्हर कुठे ठेवायचा यावर मात्र बराच वेळ गेला. युरोपातील सर्व्हरवर कोल्हापुरातून दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, जाई. मूळ खेळ या विलंबाची भरपाई करत नाही. समोरचा जिथे दिसतो तिथे नेम धरला तर गोळी रिकामी जाते, त्याच्या पुढे नेम धरावा लागतो. लॅनवर वाढलेल्या हातांना हे सहन होईना. फौंड्रीवाल्याचे मत होते की त्याच्या घरच्या फायबर जोडणीवर सर्व्हर ठेवावा, म्हणजे खर्च नाही. त्याने राउटरमध्ये ७७७७ हा पोर्ट, म्हणजे खेळाची वाट, उघडूनही बाहेरच्यांना सर्व्हर दिसेना, कारण इंटरनेट सेवादात्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला होता. स्थिर पत्ता विकत घेण्यापेक्षा मुंबईतील भाड्याचा सर्व्हर स्वस्त पडला. १९९९ च्या खेळाला आजच्या मानाने इतकी कमी ताकद लागते की सर्वांत लहान सर्व्हरही पुरला.

डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने जुन्या खेळांच्या ऑनलाइन सेवा २४ जानेवारी २०२३ ला बंद होणार असल्याचे जाहीर केले आणि मालिकेतील जुने भाग डिजिटल दुकानांतून काढले. गटाचा सर्व्हर चालूच राहिला. जुन्या खेळात सर्व्हरांची यादी देणाऱ्या मास्टर सर्व्हरचा पत्ता एका साध्या सेटिंग फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो बदलून खेळाडूंनी चालवलेल्या मास्टर सर्व्हरचा घातला की काम भागते, आणि थेट आयपी पत्ता टाकला तर यादीचीही गरज नसते.

पण दुकानबंदीने एक वेगळाच वाद उभा केला. गटातील तिघांनी खेळ आधीच विकत घेतला होता, बाकीच्यांनी ‘घेऊ की’ म्हणून ठेवला होता. एकाची प्रत सर्वांना वाटावी, असे फौंड्रीवाला म्हणाला. ड्राफ्ट्समनने त्याला ठाम विरोध केला. स्वतःचा मॅप कोणी न विचारता विकलेला चालणार नसेल तर हेही चालू नये, असे त्याचे म्हणणे होते. कॅफेच्या काळात एकही प्रत अस्सल नव्हती, याची आठवण अण्णाने करून दिली, पण त्याने वाद मिटला नाही. शेवटी ठरले की ज्यांच्याकडे प्रत नाही त्यांनी प्रत असलेल्याच्या यंत्रावर पाळीपाळीने बसायचे. गैरसोय होती, सामने लहान झाले आणि एक जण रागाने वर्षभर आलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एपिकच्या संमतीने ‘अनरियल’ आणि पहिला ‘टूर्नामेंट’ इंटरनेट आर्काइव्हवरून मोफत मिळू लागले आणि प्रश्न सुटला. रागावलेला मित्रही पुन्हा येऊ लागला.

निष्पत्ती

दिवाळीची बैठक २०२१ पासून पुन्हा भरते, आता फौंड्रीवाल्याच्या घरी वरच्या मजल्यावर. मजल्याची निवड मुद्दाम केली आहे. एरवी शनिवारी रात्री सर्व्हरवर चार-पाच जण भेटतात आणि जागा बॉट भरतात. मॅपच्या फाइलच्या प्रती तीन ठिकाणी आहेत.

जे साधले नाही तेही नोंदवायला हवे. नवे खेळाडू टिकले नाहीत. ओळखीतली काही कॉलेजची मुले आली, पण वीस वर्षे हात बसलेल्यांपुढे मिनिटाला चारदा मरून कंटाळली. बॉटांच्या दोन तुकड्या करून नवख्यांना जाणत्यांच्या बाजूला घेण्याचा उपाय उशिरा सुचला. फौंड्रीवाल्याचा मुलगा एक डाव खेळून फोनवरच्या खेळाकडे परततो. पुनरुज्जीवन म्हणजे नवी पिढी येणे, असा अर्थ घेतला तर कोल्हापुरात ते झालेले नाही. चालू आहे तो जुन्यांचाच खेळ.

२०१४ च्या प्री-अल्फासाठी केलेला मॅप ड्राफ्ट्समनच्या डिस्कवर आहे. कंपनीची सेवा बंद झाल्यावर तो ज्यात खेळायचा तेच दुकान उरले नाही. इंजिनमध्ये तो उघडतो, त्यातून फिरता येते, झेंडा उचलता येत नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा २०१४ मध्येच शक्य होती : नव्याची वाट पाहायची, पण दिवाळीची बैठक जुन्यावर चालू ठेवायची. दोन्हींत विरोध नव्हता. नव्याच्या उत्साहात जुने कमी प्रतीचे वाटू लागले, एवढेच झाले. तसेच जुना मॅप आधी पुरा करून मग नव्यासाठी बांधला असता तर ड्राफ्ट्समनचे शिक्षण थोडे लांबले असते, काम मात्र वाया गेले नसते.

थांबण्याची मर्यादा आधी ठरवली असती तर २०१७-१८ चे वर्ष वाचले असते. ‘सहा महिने नवा मॅप किंवा नवी आवृत्ती आली नाही तर काम थांबले असे धरायचे’ एवढा साधा नियमही पुरला असता. अधिकृत नकाराची वाट पाहणे महाग पडते, कारण सोडून दिलेल्या कामाचे जाहीर निवेदन काढण्याची कंपनीला घाई नसते.

साठवणुकीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. शाहूपुरीत पाणी येते हे कोल्हापुरात कोणाला नवीन नव्हते. प्रत विकत घेण्याबाबतही तेच : दुकानात आहे तोवर घ्यायला हवी होती.

नवा भाग जाहीर झालाच तर काय करायचे, यावर गटात अजून एकमत नाही. सर्व्हरचा प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवायला मिळतो का हे आधी पाहायचे आणि तो हातात आल्याशिवाय एकही मॅप द्यायचा नाही, अशी अट ड्राफ्ट्समनने मांडली आहे. फौंड्रीवाला आणि अण्णा तिच्या बाजूचे आहेत. पुणेकराला ती मान्य नाही. सुरुवातीला मॅप करणारेच थांबले तर खेळ उभा कसा राहणार, असा त्याचा प्रश्न आहे आणि २०१४ च्या प्री-अल्फाकडे पाहिले तर तो प्रश्न गैरवाजवी नाही. अट पुढच्या दिवाळीच्या बैठकीत पुन्हा चर्चेला येणार आहे.